मैलापाण्यातील नत्र आणि जिवाणूंचे कार्य

नत्र हे पिकाचे मुख्य अन्न होय. त्यासाठी शेतकरी युरियाच्या गोण्या विकत घेतो, त्या शेतापर्यंत वाहून नेतो आणि पिकाच्या मुळाशी मोजून घालतो. परंतु शेतात जी संपत्ती ठरते, तीच नदीत गेली म्हणजे विपत्ती ठरते. पुणे शहराच्या खालच्या अंगास मुळा-मुठेच्या काठी शेती करणाऱ्यांस ह्या दोन्ही गोष्टींचा अनुभव एकाच पाण्यातून येतो. मांजरी, लोणी काळभोर, थेऊर ह्या परिसरात शहराकडून आलेल्या पाण्यावर ऊस जोमाने वाढतो आणि त्याच पाण्यावर नदीत जलपर्णीचे थर साचतात. ऊस गर्द हिरवा व उंच दिसतो, परंतु तो लोळतो आणि वेळेवर पक्व होत नाही.

मैलापाण्यातील हे नत्र काढून टाकण्याचे काम काही विशिष्ट जिवाणू करतात. हे जिवाणू नवीन नाहीत; प्रत्येक शेताच्या मातीत ते आहेतच. शुद्धीकरण केंद्रात त्यांना केवळ सोयीची जागा करून दिली जाते. ते कसे काम करतात आणि त्यांच्या कामानंतर पाण्यात उरणाऱ्या नत्राचा हिशेब शेतकऱ्याने कसा ठेवावा, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

मैलापाण्यात नत्र येते कोठून?

मनुष्य डाळ, धान्य, दूध, अंडी, मांस इत्यादी पदार्थांतून प्रथिने खातो. प्रथिनांत वजनाने सुमारे १६ टक्के नत्र असते. दिवसाला ५० ग्रॅम प्रथिने खाणाऱ्या माणसाच्या आहारातून सुमारे ८ ग्रॅम नत्र शरीरात जाते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते साठून राहत नाही. जवळजवळ तितकेच रोज मलमूत्रातून बाहेर पडते. त्यातील मोठा भाग लघवीवाटे, युरियाच्या रूपाने जातो. शेतकरी जो युरिया पिकास देतो, तोच हा पदार्थ होय.

एका माणसाचे ८ ग्रॅम क्षुल्लक वाटतात. परंतु २०११ च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या ३१ लाखांवर होती. तेवढ्याच लोकवस्तीचा हिशेब केला, तरी रोज सुमारे २५ टन नत्र होते. युरियात ४६ टक्के नत्र असते, हे लक्षात घेता हे नत्र सुमारे ५४ टन युरियाइतके, म्हणजे ४५ किलोच्या जवळजवळ १,२०० गोण्यांइतके भरते. २०११ नंतर शहर पुष्कळ वाढले आहे. हा कागदावरचा हिशेब खरा, परंतु त्यावरून प्रश्नाचे आकारमान ध्यानात येते. मावळात, बारामतीत किंवा विदर्भात शेतकऱ्याने पिकास घातलेले नत्र धान्यातून आणि दुधातून शहरात येते आणि गटारातून नदीस मिळते.

नदीत गेलेल्या नत्राचे परिणाम

मैलापाणी गटारातून वाहत असतानाच त्यातील युरियाचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. अशा पाण्यावर शुद्धीकरण न होता ते नदीत गेले, तर तीन प्रकारे हानी होते.

पहिली हानी प्राणवायूची. नदीतील जिवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. एक ग्रॅम अमोनियायुक्त नत्राचे असे रूपांतर होण्यास सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. हा प्राणवायू पाण्यातूनच घेतला जातो. त्यामुळे मासे गुदमरतात. शिवाय पाणी अल्कधर्मी व उबदार असल्यास अमोनिया स्वतःच माशांना विषासारखा बाधतो.

दुसरी हानी तणाची. नत्र व स्फुरद भरपूर मिळाल्यावर जलपर्णी आणि शेवाळ बेसुमार वाढते. जलपर्णीने पाणी झाकले म्हणजे प्रकाश व हवा खाली पोहोचत नाही, डासांना आसरा मिळतो आणि उपसा पंपांच्या जाळ्या तुंबतात. मुळा-मुठेचे पाणी भीमेस मिळते आणि भीमा उजनी धरणाच्या यशवंतसागर जलाशयात येते. पुणे-पिंपरी-चिंचवडकडून वाहत आलेले नत्र आणि स्फुरद तेथे साचत जातात. म्हणून हा प्रश्न केवळ हवेली तालुक्याचा नाही. तो दौंड, इंदापूर, करमाळा आणि त्याखाली पंढरपूरपर्यंतचा आहे.

तिसरी हानी विहिरींची. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीच्या कणांस चिकटून राहत नाही. पाण्याबरोबर ते खाली झिरपते व विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक नायट्रेट असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या दुधात वापरल्यास बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ते निळसर पडते. येथे एक गोष्ट प्रत्येक घरी सांगण्यासारखी आहे. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

ह्या जिवाणूंचा शोध

नत्राचे हे रूपांतर जिवाणू घडवून आणतात, ही गोष्ट प्रथम मैलापाण्यावरील प्रयोगातूनच सिद्ध झाली. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग व म्युंट्झ ह्या शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून मैलापाणी हळूहळू झिरपू दिले. प्रारंभीचे सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर आला. नंतर मात्र खालून नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले आणि ताज्या मातीचे थोडे पाणी घालताच ते पुन्हा सुरू झाले. केवळ रासायनिक क्रिया असती, तर प्रारंभीचे वीस दिवस वाट पाहण्याचे कारण नव्हते आणि क्लोरोफॉर्मने ती थांबण्याचेही कारण नव्हते. हे काम सजीवांचे आहे, हे त्यावरून उघड झाले.

पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे करून दाखविले. १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट ह्यांनी मैलापाण्यात हवा घालून तयार होणारा जिवाणूयुक्त गाळ पुन्हापुन्हा वापरण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिला सक्रिय गाळ पद्धती असे म्हणतात. ह्या कामाशी निकटचा संबंध असलेले गिल्बर्ट फाउलर हे १९१६ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आज जगभरच्या मोठ्या शहरांतून हीच पद्धत किंवा तिचे सुधारलेले प्रकार वापरले जातात.

नत्र हवेत परत जाण्याच्या पायऱ्या

पहिल्या पायरीत मैलापाण्यातील प्रथिने व युरिया कुजून अमोनिया तयार होतो. हे काम अनेक प्रकारचे जिवाणू करतात आणि ते लवकर होते.

दुसऱ्या पायरीस नत्रीकरण म्हणतात. नायट्रोसोमोनास गटातील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर व नायट्रोस्पायरा हे नायट्राइटचे नायट्रेट करतात. ह्या जिवाणूंना भरपूर प्राणवायू लागतो. पाण्यात तो लिटरमागे २ मिलिग्रॅम तरी विरघळलेला असावा लागतो. ते सावकाश वाढतात. सामान्य जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतात, तर ह्यांना दुप्पट होण्यास साधारण एक दिवस लागतो. त्यांच्या कामातून आम्लता निर्माण होते. पाण्यातील चुनखडीसारखे क्षार ती शोषून घेतात. हे क्षार कमी पडल्यास पाणी आम्ल होते व काम मंदावते. थंडीतही ते मंदावते. पुण्याचे हवामान उबदार असल्याने ही अडचण युरोपातल्याइतकी येथे भासत नाही.

तिसऱ्या पायरीस विनत्रीकरण म्हणतात. स्यूडोमोनास, पॅराकॉकस इत्यादी जिवाणू हवा असेल तेव्हा हवेतील प्राणवायू घेतात. हवा मिळेनाशी झाली म्हणजे ते नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेतात आणि उरलेले नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रच असल्याने ह्या वायूपासून अपाय नाही. मात्र ह्या जिवाणूंना खाद्य म्हणून सेंद्रिय पदार्थ लागतात. ते मैलापाण्यातच असतात. नसतील तर बाहेरून घालावे लागतात. काम अर्धवट झाल्यास नायट्रस ऑक्साइड हा वायू सुटतो. हवा तापविण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे. म्हणून हे काम पूर्णत्वास नेणे आवश्यक असते.

ह्याखेरीज प्राणवायूविना अमोनिया व नायट्राइट ह्यांची सांगड घालून थेट नत्रवायू करणारे जिवाणूही गेल्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये आढळले. त्यांच्या योगे वीज व सेंद्रिय खाद्य ह्या दोहोंची बचत होते. अमोनियाचे प्रमाण फार असलेल्या उबदार पाण्यासाठी ही पद्धत विशेष उपयोगी ठरली आहे.

भातखाचरातील ओळखीचे उदाहरण

ही सर्व क्रिया मावळ, मुळशी व भोर येथील भात उत्पादकांच्या खाचरात दरवर्षी घडत असते. खाचरातील पाण्यावर युरिया फोकला म्हणजे त्याचा अमोनिया होतो. काही अमोनिया थेट हवेत उडून जातो. मातीच्या वरच्या पातळ थरास पाण्यातून प्राणवायू मिळत असल्याने तेथे उरलेल्या अमोनियाचे नायट्रेट होते. हे नायट्रेट चिखलाच्या खालच्या, हवा नसलेल्या थरात उतरताच विनत्रीकरण करणारे जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. शेतकऱ्याने पैसे देऊन आणलेले नत्र अशा रीतीने बुडबुड्यांवाटे निघून जाते.

डॉ. सावंत ह्यांच्या चारसूत्री भात लागवडीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्यभागी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचण्याची शिफारस आहे, तिचे मर्म येथेच आहे. खोल चिखलात प्राणवायू नसल्याने अमोनियाचे नायट्रेट होत नाही. नायट्रेट झाले नाही, म्हणजे विनत्रीकरणासही वाव राहत नाही. नत्र मातीस धरून राहते व मुळास मिळते.

खाचरात शेतकरी ह्या जिवाणूंची वाट अडवितो. शुद्धीकरण केंद्रात तीच वाट मुद्दाम मोकळी करून दिली जाते. जिवाणू तेच, काम तेच. जागा बदलली की नुकसानीचा लाभ होतो.

शुद्धीकरण केंद्रातील रचना

केंद्रात आलेल्या मैलापाण्यातून प्रथम चिंध्या, प्लॅस्टिक व वाळू काढली जाते. नत्र काढण्याची सोय असलेल्या केंद्रात त्यानंतर पाणी दोन प्रकारच्या हौदांतून फिरविले जाते. एका हौदात खालून हवा सोडतात; तेथे नत्रीकरण होते. दुसऱ्या हौदात पाणी केवळ ढवळतात, हवा देत नाहीत. तेथे विनत्रीकरण होते. हवा नसलेला हौद बहुधा आधी ठेवतात आणि हवेच्या हौदातील नायट्रेटयुक्त पाणी पंपाने त्यात परत आणतात. ताज्या मैलापाण्यातील सेंद्रिय पदार्थ जिवाणूंना आयते खाद्य म्हणून मिळावेत, हा त्यातील हेतू असतो. दुसऱ्या एका पद्धतीत एकाच हौदात पाळीपाळीने हवा देतात व बंद करतात, मग गाळ बसू देऊन वरचे स्वच्छ पाणी काढून घेतात.

दोन्ही पद्धतींत जिवाणूंचा गाळ खाली बसवून त्याचा मोठा भाग पुन्हा हौदात आणतात. येथे मंद वाढणाऱ्या नत्रीकरण जिवाणूंचा विचार करावा लागतो. गाळ फार लवकर बाहेर टाकला, तर हे जिवाणू दुप्पट होण्यापूर्वीच वाहून जातात. पाणी दिसण्यात स्वच्छ होते, पण अमोनिया तसाच राहतो. वीज गेल्याने हवा बंद पडली, तरीही तेच होते. म्हणून केवळ पाण्याचा स्वच्छपणा पाहून नत्र गेले असे मानता येत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते.

पुण्यातील परिस्थिती

पुण्यात भैरोबा नाला, नायडू, विठ्ठलवाडी, मुंढवा, खराडी, बाणेर इत्यादी ठिकाणी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभारण्यात आली. ती सर्व पाण्यास पुरी पडत नसल्याने जपानच्या जायका संस्थेच्या कर्जसाहाय्याने नवी योजना आखण्यात आली. तिचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. तीत ११ केंद्रे, दररोज एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची, योजण्यात आली.

नत्राच्या मर्यादेचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. केंद्र सरकारने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात शुद्ध केलेल्या पाण्यात एकूण नत्र लिटरमागे १० मिलिग्रॅमपर्यंतच असावे असे सुचविले होते. ऑक्टोबर २०१७ च्या अंतिम अधिसूचनेत मात्र नत्राची मर्यादा राहिली नाही. त्यानंतर ३० एप्रिल २०१९ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आपल्या आदेशात तज्ज्ञ समितीने सुचविलेली १० मिलिग्रॅमची मर्यादा मान्य केली. केंद्र केवळ दुर्गंधी व गढूळपणा काढण्यासाठी बांधले की नत्र काढण्यासाठीही बांधले, ह्यावर खालच्या गावांना मिळणारे पाणी अवलंबून असते.

ह्या पाण्याचा शेतीशी थेट संबंध आहे. शहराने खडकवासला प्रकल्पातून पाणी उचलावे आणि त्याच्या बदल्यात शुद्ध केलेले पाणी शेतीस द्यावे, ह्या तत्त्वावर मुंढवा येथे जॅकवेल बांधण्यात आली. तेथून पाणी साडेसतरा नळीजवळ नेऊन जुन्या मुठा उजव्या कालव्यात, ज्यास लोक बेबी कालवा म्हणतात, सोडण्यात येते. वर्षास साडेसहा टीएमसी पाणी अशा रीतीने द्यावयाचे ठरले होते. शिवाय कोरेगाव मूळ येथून मुळा-मुठेचे पाणी उचलून पुरंदर उपसा सिंचन योजनेद्वारे पुरंदरच्या डोंगराळ भागास पुरविले जाते. दुष्काळी भागातील शेतकऱ्यास हे पाणी नाकारून चालत नाही. तेव्हा ते जाणून वापरणे, हाच मार्ग होय.

पाण्यातील नत्राचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून कमी नत्र असल्यास चिंतेचे कारण नाही. ५ ते ३० मिलिग्रॅम असल्यास पीक पाहून काळजी घ्यावी. ३० मिलिग्रॅमहून अधिक असल्यास पिकावर गंभीर परिणाम संभवतो.

पाण्यातून शेतात किती नत्र येते, हे काढण्याची रीत सोपी आहे. पाण्यातील नत्राचे मिलिग्रॅम आणि पाळीतील पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये, ह्यांचा गुणाकार करावा. त्यास १० ने भागल्यास हेक्टरी किलो नत्र मिळते. एकराचा आकडा हवा असल्यास गुणाकारास ४ ने गुणून १०० ने भागावे.

उदाहरणार्थ, पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नत्र आहे आणि एका पाळीस ८ सेंटिमीटर पाणी दिले. गुणाकार १६० होतो. म्हणजे एका पाळीत हेक्टरी १६ किलो, एकरी ६.४ किलो नत्र आले. हे एकरी सुमारे १४ किलो युरियाइतके आहे. सुरू उसास अशा २५ पाळ्या दिल्या, तर एकरी १६० किलो नत्र पाण्यातूनच येते. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसासाठी शिफारस हेक्टरी २५० किलो, म्हणजे एकरी १०० किलो नत्राची आहे. पाण्यातील सर्व नत्र पिकास मिळत नाही. काही झिरपते, काही वायुरूपाने जाते. तरीही ह्या पाण्यावर पूर्ण मात्रेचा युरिया घालणे म्हणजे पैसे खर्चून पिकाची हानी करणे होय.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेळेचा आहे. उसास नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीच्या वेळी द्यावयाचा असतो. त्यानंतर नत्राचा पुरवठा थांबला, म्हणजे ऊस साखर साठवू लागतो. युरियाची गोणी बंद ठेवता येते. पाण्यातील नत्र मात्र तोडणीपर्यंत प्रत्येक पाळीस येतच राहते. त्यामुळे ऊस कोवळा राहतो, लोळतो, पाणशेंडे फुटतात आणि साखरेचा उतारा घटतो. द्राक्ष व लिंबूवर्गीय फळांतही पक्वता लांबते आणि फळाची प्रत खालावते.

शेतकऱ्यांनी पुढील उपाय करावेत.

१. पाण्याची तपासणी करून घ्यावी. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी. नमुना काठावरून न घेता वाहत्या प्रवाहाच्या मध्यातून घ्यावा. गाव, तारीख, वेळ व कालव्याचे ठिकाण चिठ्ठीवर लिहावे. बाटली बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत द्यावी.

२. सामू, क्षारता व सोडियमचे प्रमाण ह्यांबरोबर अमोनियायुक्त नत्र आणि नायट्रेटयुक्त नत्र ह्या दोहोंची तपासणी मागावी. अहवालात नायट्रेट लिहिले आहे की नायट्रेटयुक्त नत्र, हे नीट पाहावे. ४५ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये नत्र केवळ १० मिलिग्रॅम असते. ह्या दोन आकड्यांत गल्लत झाल्यास हिशेब साडेचारपट चुकतो.

३. एका नमुन्यावर विसंबू नये. पावसाळ्यात पाणी पातळ होते, उन्हाळ्यात दाट होते. हिवाळा, उन्हाळा व पावसाळा असे निदान तीन नमुने तपासावेत.

४. प्रारंभी पाण्यातील निम्मे नत्र पिकास मिळते असे धरून युरियाची मात्रा कमी करावी. त्याच शेतात दहा गुंठे क्षेत्रास नेहमीची मात्रा द्यावी व दोन्ही भागांचे वजन आणि उतारा पडताळून पाहावा. दुसऱ्या वर्षीची मात्रा ह्या अनुभवावरून ठरवावी. स्फुरद व पालाश ह्यांची मात्रा माती परीक्षणाप्रमाणे द्यावी.

५. विहिरीचे चांगले पाणी असल्यास ते राखून ठेवावे आणि तोडणीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत वापरावे. तत्पूर्वी कालव्याचे व विहिरीचे पाणी आलटूनपालटून द्यावे.

६. नेपियर गवत, ज्वारीची वैरण इत्यादींत जादा नत्राने नायट्रेट साठते. जनावराच्या पोटातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात व विषबाधा होते. अशी वैरण एकटी न देता कडब्यात मिसळून द्यावी आणि पावसाच्या ताणानंतर लगेच कापू नये.

आरोग्याची काळजी

नत्र गेले म्हणजे रोगजंतू गेले असे नव्हे. नत्र काढणारे जिवाणू जंतांची अंडी मारीत नाहीत. म्हणून कोथिंबीर, मेथी, काकडी, टोमॅटो, मुळा अशी कच्ची खाल्ली जाणारी पिके ह्या पाण्यावर घेऊ नयेत. पाणी धरताना गमबूट वापरावेत, हातापायांच्या जखमा झाकाव्यात आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. कालव्यालगतच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी वर्षातून दोनदा तरी तपासून घ्यावे. नायट्रेट अधिक आढळल्यास तान्ह्या बाळासाठी ते मुळीच वापरू नये.

गावाच्या सांडपाण्याचे काय?

शहराकडे बोट दाखविताना गावाने आपल्या गटारांकडेही पाहिले पाहिजे. संडासाचे शोषखड्डे पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावेत. काळ्या, भेगाळ जमिनीत किंवा उथळ भूजलाच्या ठिकाणी हे अंतर वाढवावे. शेणाचा उकिरडा विहिरीच्या कडेस नसावा. मोऱ्यांचे पाणी एकत्र येत असल्यास ते आधी खड्ड्यात निवळू द्यावे आणि मग खडी भरलेल्या उथळ वाफ्यातून सोडावे. अशा वाफ्यात कर्दळ किंवा पाणकणीस लावावे. ह्या वनस्पती मुळांवाटे थोडा प्राणवायू खाली नेतात. मुळांभोवती नत्रीकरण होते आणि खडीच्या आतल्या हवाविरहित भागात विनत्रीकरण होते. मोठ्या केंद्रात दोन हौदांत होणारे काम येथे एका वाफ्यात, विजेविना, सावकाश होते. वाफ्यातून निघणारे पाणी झाडांस किंवा चारा पिकास द्यावे.

नत्र काढावे की वापरावे?

येथे कोणी विचारील की, शेतास लागणारे नत्र जिवाणूंकरवी हवेत घालविणे हा अपव्यय नव्हे काय? कारखान्यात हवेतील नत्रापासून युरिया करण्यास पुष्कळ इंधन लागते. तेच नत्र केंद्रात वीज खर्चून पुन्हा हवेत जाते. ही शंका रास्त आहे. परंतु पीक नत्र ठरावीक काळात व ठरावीक प्रमाणात घेते, तर शहर ते बारा महिने तीसही दिवस सोडते. पावसाळ्यात कालव्याच्या पाण्याची मागणी नसते, तेव्हाही मैलापाणी वाहतच असते. ते सर्व नत्र शेवटी नदीत, धरणात आणि विहिरीत जाते. म्हणून नदीत जाणाऱ्या पाण्यातून नत्र काढलेच पाहिजे. कालव्यात जाणाऱ्या पाण्यात जे नत्र उरते, त्याचा आकडा शेतकऱ्यास वेळोवेळी कळला पाहिजे, म्हणजे तेवढे खत तो वाचवू शकेल.

हा आकडा गावाच्या फळ्यावर येणे, ही ह्या कामाची पहिली पायरी आहे. पाणीवापर संस्था, ग्रामपंचायत आणि कृषी विभागाचे कार्यकर्ते ह्यांनी मिळून प्रत्येक हंगामात कालव्याच्या पाण्याचा एक नमुना तपासून घेतला आणि त्यातील नत्राचे प्रमाण चावडीवर किंवा सोसायटीच्या फळ्यावर लिहिले, तर खर्च थोडा येईल आणि लाभ सर्वांचा होईल. केंद्रातील जिवाणू आपले काम नीट करीत आहेत की नाही, हेही त्याच आकड्यावरून गावास कळेल. आगामी लागवडीच्या हंगामापूर्वी निदान पहिला नमुना प्रयोगशाळेत पोहोचविण्याची व्यवस्था कालव्यावरील प्रत्येक गावाने करावी.